मतपेटीतून आलेला फौजदार

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याचा मेसेज पडला, "शेरीफने अडवलं. स्पीडिंगची पावती फाडली." भाचा अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला असतो. चार दिवसांची सुट्टी काढून पूर्व ओरेगनच्या माळरानातून गाडी हाणत चालला होता. दोनच मिनिटांत थोरल्या काकांचं उत्तर आलं, "शेरीफ? म्हणजे आपले गावसकर होते तसला?"

ग्रुपवर हशा पिकला, पण काकांचं फार चुकलं नव्हतं. सुनील गावसकर खरंच मुंबईचे शेरीफ होते, आणि त्यांच्याआधी १९८० मध्ये दिलीपकुमार. आपल्या डोक्यात शेरीफ म्हणजे नामवंताला वर्षभरासाठी मिळणारा मान, हारतुरे, उद्घाटनं. अमेरिकेतला शेरीफ कमरेला पिस्तूल लावतो, तुरुंग चालवतो, लोकांची घरं रिकामी करून घेतो आणि ठरावीक वर्षांनी दारोदार मतं मागत फिरतो. २०२५ पासून तिथे कागदपत्रांविना राहणाऱ्यांची धरपकड वाढली आणि त्याचं नाव रोजच्या बातम्यांत यायला लागलं. अमुक शेरीफने केंद्राशी करार केला, तमुक शेरीफने हात वर केले. वाचणारा चक्रावतो: जिल्ह्याचा पोलिस अधिकारी केंद्र सरकारला नाही कसं म्हणू शकतो? त्याची गडचिरोलीला बदली का होत नाही?

त्याची बदली करू शकेल असा साहेबच त्याच्या वर नसतो. तिथून सुरुवात करू.

## काउंटी केवढी असते

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अमेरिकेत अशा तीन हजारांवर काउंट्या आहेत आणि बहुतेकींना आपापला शेरीफ आहे. पण जिल्हा म्हटल्यावर एसटी स्टँड, कलेक्टर कचेरी आणि आठवडी बाजार डोळ्यांपुढे येत असेल तर ते चित्र पुसून टाका. ओरेगनमधली हार्नी काउंटी घ्या. क्षेत्रफळ सुमारे साडेसव्वीस हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर, त्याच्या दीडपट. २०११ च्या जनगणनेत नगर जिल्ह्यात ४५ लाख माणसं होती. हार्नीत २०२० च्या मोजणीत साडेसात हजारही भरली नाहीत. गुरं त्याहून कितीतरी जास्त. मुख्य गाव बर्न्स, वस्ती तीन हजारांच्या आत. जमिनीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग केंद्र सरकारच्या मालकीचा.

एवढ्या मुलखात गस्त घालायला शेरीफकडे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके डेप्युटी. डेप्युटी म्हणजे शेरीफने नेमलेला, गणवेशातला त्याचा माणूस. आपल्याकडचा हवालदार आणि फौजदार यांच्या मधलं काहीतरी. काउंटीच्या टोकाच्या गोठ्यातून फोन आला तर डेप्युटी पोचायला तासभर सहज जातो. भाच्याला अडवणारा असाच एक डेप्युटी होता. स्वतः शेरीफ रस्त्यावर पावत्या फाडताना क्वचितच दिसतो, पण तिथले लोकही सर्रास "शेरीफने अडवलं" असंच म्हणतात.

याहून टोक पाहायचं तर टेक्सासची लव्हिंग काउंटी. २०२० ची लोकसंख्या ६४. आपल्याकडे एका एसटीत याहून जास्त लोक मावतात. तरीही तिथे शेरीफ आहे, आणि लोकसंख्या दहा हजारांच्या आत असल्यामुळे टेक्सासच्या घटनेतल्या तरतुदीनुसार करवसुलीही त्याच्याच गळ्यात. १९४५ मध्ये तिथे एडना ड्यूईस या बाई शेरीफ झाल्या. टेक्सासमधल्या निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला शेरीफ. त्या कधी बंदूक बाळगत नसत, आणि त्यांच्या नावावर अटका दोनच.

## एका वाड्यात पाच चुली

आपल्याकडे पोलिस म्हणजे एक उतरंड. शिपाई, ठाणेदार, एसपी, महासंचालक, वर गृहखातं. वरून फोन आला की खाली हालचाल होते. अमेरिकेत तसं नाही. तिथे एकाच वाड्यात पाच बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकाची चूल वेगळी. शहराला स्वतःचे पोलिस, त्यांचा प्रमुख महापौर किंवा नगरपरिषद नेमते. राज्याचे पोलिस मुख्यतः महामार्गांवर. केंद्राचे एफबीआय आणि इतर. शिवाय विद्यापीठांचे, आदिवासी राष्ट्रांचे वेगळे. देशभर मिळून अशा सुमारे १८ हजार यंत्रणा आहेत. त्यातलं शेरीफचं बिऱ्हाड म्हणजे काउंटी, आणि शहराच्या हद्दीबाहेरचा सगळा उघडा मुलूख त्याचा. खेड्यापाड्यांत दुसरी चूल पेटलेलीच नसते, म्हणून तिथे 'कायदा' म्हणजेच शेरीफ.

एक बिऱ्हाड दुसऱ्याला हुकूम सोडत नाही. मदत मागतं, करार करतं, कधी भांडतं.

## तुरुंग, समन्स, लिलाव, शोधमोहीम

गस्त हा शेरीफच्या कामाचा डोळ्यांना दिसणारा भाग. त्याची खरी ताकद तुरुंगात आहे. काउंटीचा तुरुंग बहुतेक राज्यांत त्याच्या ताब्यात असतो. यात शिक्षा झालेले थोडे, कच्चे कैदी जास्त. म्हणजे खटला उभा राहायचाय, जामीन भरायला पैसे नाहीत, असे लोक. लांब शिक्षा झालेल्यांसाठी राज्याची वेगळी कारागृहं असतात. शहर पोलिसांनी पकडलेला माणूसही सहसा शेरीफच्याच तुरुंगात येऊन पडतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

त्यानंतर कोर्टाची कामं. आपल्याकडे समन्स बजावायला, ताबा घ्यायला, जप्ती करायला कोर्टाचा बेलीफ येतो. तिथे हे काम शेरीफच्या कचेरीचं. कर्ज थकलं की घराचा जो लिलाव होतो त्याला तिथे 'शेरीफचा लिलाव' असंच म्हणतात. मजा म्हणजे इथे मुंबईचं नातं हारतुऱ्यांपलीकडे जातं. मुंबई उच्च न्यायालयाने एखादं जहाज अटकवण्याचा हुकूम काढला, तर तो आजही शेरीफ ऑफ मुंबईच्या कार्यालयामार्फत बजावला जातो. एकाच इंग्रजी खोडाच्या या दोन फांद्या. सॅक्सन काळात 'शायर' म्हणजे परगणा आणि 'रीव्ह' म्हणजे राजाचा कारभारी. दोन्ही मिळून शेरीफ. पेशवाईतल्या मामलेदारासारखा तो वसुली करी आणि बंदोबस्तही ठेवी. रॉबिन हूडच्या गोष्टीतला नॉटिंगहॅमचा शेरीफ लोकांना का खुपतो, ते यावरून कळावं. वसाहतींबरोबर हे पद अमेरिकेत गेलं, आणि राजा गेल्यावर नेमणूक कोणी करायची या प्रश्नाला तिथल्या राज्यांनी एकेक करून उत्तर दिलं: मतदारांनी. आज ५० पैकी ४६ राज्यांत शेरीफ निवडून येतो, बहुतेक ठिकाणी चार वर्षांसाठी.

बाकी किरकोळ कामांची यादी लांबलचक आहे. डोंगरात हरवलेल्यांचा शोध, कोर्टाचा बंदोबस्त, अनेक राज्यांत पिस्तुलाचे परवाने. कॅलिफोर्नियाच्या बहुतेक काउंट्यांत अकस्मात मृत्यूची चौकशीही शेरीफच करतो. म्हणजे कोठडीत कोणी दगावलं तर चौकशी कोणाकडे, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तिथल्या लोकांच्याही येतो.

## मतं मागणारा माणूस कायदा काय राबवणार?

ही शंका मराठी माणसाला पहिल्यांदा येते, कारण निवडणुकीच्या दिवसांत ठाण्यात काय चालतं हे आपण पाहिलेलं असतं. भावकीतल्या माणसाला फौजदार केलं तर तो कोणाची तक्रार घेईल आणि कोणाची दाबेल?

बाजू घेणारे म्हणतात, तो गावचा असतो. कोणाचं पोरगं बिघडलंय, कोणत्या घरात दारू पिऊन मारहाण होते, हे त्याला ठाऊक असतं. वाईट वागला तर चार वर्षांनी हिशेब चुकता. आपला पोलिस पाटील काहीसा या जातकुळीचा: गावातलाच, गावाची खडान्‌खडा माहिती असलेला. पण पोलिस पाटलाला प्रशासन नेमतं, आणि तुरुंगाची किल्ली त्याच्याकडे नसते.

व्यवहारात हिशेब चुकता होतोच असं नाही. अनेक काउंट्यांत शेरीफ वर्षानुवर्षं बिनविरोध येतो. त्याच्यापुढे उभा राहण्याची शक्यता असते ती त्याच्याच हाताखालच्या डेप्युटीची, आणि साहेबाविरुद्ध फॉर्म भरून हरलं तर नोकरीचं काय? शिवाय ज्यांच्यावर शेरीफची सत्ता सगळ्यात जास्त चालते ते कैदी म्हणजे काही मोठी मतपेढी नव्हे.

अलाबामाचं उदाहरण द्यायलाच हवं. तिथल्या जुन्या कायद्याचा अर्थ असा लावला जाई, की कैद्यांच्या जेवणासाठी राज्याकडून येणाऱ्या पैशातून जे उरेल ते शेरीफने स्वतः ठेवावं. दर कैद्यामागे दिवसाला पावणेदोन डॉलर. मॉर्गन काउंटीच्या शेरीफने, ग्रेग बार्टलेट त्यांचं नाव, यातून तीन वर्षांत दोन लाख डॉलरांवर रक्कम बाजूला काढली. ट्रकभर कॉर्न डॉग (काडीला लावून तळलेलं, पिठात घोळलेलं सॉसेज) स्वस्तात मिळाले, तर कैद्यांना आठवडेच्या आठवडे तेच वाढलं गेलं. जानेवारी २००९ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी शेरीफलाच एक रात्र आत बसवलं. पैसे ठेवणं राज्याच्या कायद्यात बसत होतं. कैद्यांना धड जेवण देण्याचा कोर्टाचा हुकूम मोडला, म्हणून आत. पैसे खिशात घालण्याची ती सोय बंद करणारा कायदा व्हायला २०१९ उजाडलं.

माझं मत विचाराल तर निवडणूक हा यावरचा अर्धाच इलाज आहे. पण त्या अर्ध्यात किती जोर असू शकतो, तेही पाहायला हवं.

## हात वर करा

२ जानेवारी २०१६. हार्नी काउंटीत दोन स्थानिक पशुपालक, ड्वाइट आणि स्टीव्हन हॅमंड हे बापलेक, सरकारी कुरणाला आग लावल्याच्या गुन्ह्यात वाढीव शिक्षा भोगायला पुन्हा तुरुंगात जाणार होते. त्यांच्या निमित्ताने बाहेरच्या राज्यांतून आलेल्या सशस्त्र लोकांनी, ॲमन बंडी या माणसाच्या नेतृत्वाखाली, बर्न्सजवळच्या मल्हूर पक्षी अभयारण्याच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. मागणी: हॅमंडना सोडा, केंद्राची जमीन स्थानिकांना द्या. या मंडळींनी आधीच शेरीफ डेव्ह वॉर्ड यांची भेट घेऊन सांगितलं होतं, की तुम्ही हॅमंडना आसरा द्या, केंद्राच्या लोकांना येऊ देऊ नका. वॉर्डनी नकार दिला होता.

गंमत अशी, की केंद्र सरकारवर राग स्थानिकांचाही होता. चराईचे नियम, पाण्याचे नियम, दूर वॉशिंग्टनहून येणारे कागद. बंडीचं म्हणणं अनेकांना पटत होतं, बंदुका पटत नव्हत्या. घुसखोरीनंतर चारच दिवसांनी जत्रेच्या मैदानावरच्या सभागृहात गाव जमलं. आपल्या ग्रामसभेसारखंच, माणसं दाटीवाटीने, कोणी वॉर्डना टाळ्या देतंय, कोणी केंद्राला शिव्या. या लोकांनी आता घरी जावं असं कोणाकोणाला वाटतं, यावर हात वर झाले, आणि ते बहुसंख्य होते. दुसऱ्या दिवशी वॉर्ड एका आडरस्त्यावर बंडीला भेटले. हस्तांदोलन केलं आणि सांगितलं, गावाचं म्हणणं हे आहे, सुखरूप बाहेर पडायचं असेल तर मी स्वतः सोबत येतो. बंडी हलला नाही. २६ जानेवारीला महामार्गावरच्या नाकाबंदीत लव्हॉय फिनिकम हा एक घुसखोर राज्य पोलिसांच्या गोळीने मेला. शेवटचे चौघे ११ फेब्रुवारीला शरण आले. ४१ दिवस.

त्या दिवसांत वॉर्डच्या घरच्यांना इतका त्रास झाला, की बायकोला काही काळ गाव सोडून राहावं लागलं. आणि ऑक्टोबरमध्ये पोर्टलंडच्या ज्यूरीने बंडीसह सात जणांना निर्दोष सोडलं. हॅमंड बापलेकांना २०१८ मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली.

लगतच्या ग्रँट काउंटीचे शेरीफ ग्लेन पामर यांनी मात्र याच घुसखोरांपैकी काहींची भेट घेतली होती. फिनिकम ज्या सभेला निघाला होता ती त्यांच्याच काउंटीत व्हायची होती. २०२० च्या निवडणुकीत पामर हरले.

## 'काउंटीत शेरीफच सर्वोच्च' हे कितपत खरं?

बंडीसारखे लोक शेरीफकडेच का गेले? १९७० च्या दशकापासून तिथे एक विचार मूळ धरून आहे, की काउंटीच्या हद्दीत शेरीफहून मोठं कोणी नाही, राष्ट्राध्यक्षही नाही. काही शेरीफही तो मानतात. पुरावा म्हणून सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा निकाल दाखवला जातो. बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी स्थानिक पोलिसप्रमुखांनी तपासावी, असं केंद्राच्या ब्रेडी कायद्यात होतं. मोंटानाचे जे प्रिंट्झ आणि ॲरिझोनाचे रिचर्ड मॅक हे दोन ग्रामीण शेरीफ कोर्टात गेले आणि पाच विरुद्ध चार मतांनी जिंकले.

पण निकाल नीट वाचा. केंद्र शेरीफला आपल्या कामाला जुंपू शकत नाही, एवढंच त्यात आहे. शेजाऱ्याने मला त्याच्या अंगणात झाडू मारायला लावू नये, हा माझा हक्क. म्हणून त्याने स्वतः मारलेला झाडू मी हिसकावू शकत नाही. केंद्राचे अधिकारी आपला कायदा स्वतः राबवत असतील, तर शेरीफला त्यांना अडवण्याचा अधिकार कुठेही दिलेला नाही. कायदा घटनेत बसतो की नाही, हे ठरवायला कोर्टं आहेत.

आता गाडी आजच्या बातम्यांवर येते. बंदूकवाल्यांनी मिळवलेला हाच निकाल आज स्थलांतरितांच्या बाजूच्यांना ढालीसारखा उपयोगी पडतो. धरपकड करायची तर केंद्राने आपल्या माणसांकरवी करावी, आमच्या डेप्युटींना त्यात ओढू नये. ज्यांना स्वतःहून हात लावायचा असेल त्यांच्यासाठी १९९६ च्या कायद्यात २८७(जी) हे कलम आहे. शेरीफने केंद्राशी करार केला, की त्याचे प्रशिक्षित डेप्युटी इमिग्रेशनचं काही काम करू शकतात: कुठे तुरुंगात आलेल्यांची कागदपत्रं तपासायची, कुठे थेट रस्त्यावर. रस्त्यावरचा प्रकार २०१२ मध्ये बंद झाला होता, तो २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि करारांची संख्या झपाट्याने वाढली.

मग शेरीफ पूर्ण स्वतंत्र? तसंही नाही. काउंटी हे राज्याचं लेकरू आहे, आणि राज्य आपल्या लेकराचा कान धरू शकतं. ओरेगनने १९८७ पासून स्थानिक पोलिसांना इमिग्रेशनच्या कामावर माणसं आणि पैसा खर्च करायला मनाई केली आहे. टेक्सासने २०२५ मध्ये उलट कायदा करून तुरुंग चालवणाऱ्या शेरीफांवर असे करार करण्याची सक्ती केली. दोन्हीकडे शेरीफ निवडून आलेलाच.

## तिजोरी रिकामी झाली तर

सर्वोच्च वगैरे चर्चा चालू असताना बहुतेक ग्रामीण शेरीफांची झोप उडते ती डिझेलच्या बिलाने. पैसा काउंटीकडून येतो, तो मुख्यतः घरपट्टी-जमीनपट्टीतून. जिथे बहुतांश जमीन केंद्राची, तिथे पट्टी भरणार कोण?

ओरेगनच्या नैऋत्येची जोसेफीन काउंटी जंगलावर जगत होती. केंद्राच्या जंगलातलं लाकूड विकलं जाई आणि वाटा काउंटीला मिळे. १९९० च्या दशकात ठिपकेवाल्या घुबडाच्या संरक्षणासाठी तोड घटली. केंद्राने काही वर्षं भरपाई दिली, तीही आटली. २०१२ च्या मे महिन्यात काउंटीने लोकांना विचारलं, जादा पट्टी भराल का? लोक नाही म्हणाले. गस्तीवरचे डेप्युटी एकदम घटले, उरले ते सोमवार ते शुक्रवार दिवसपाळीचे. तुरुंगातून माणसं सोडून द्यावी लागली. शेरीफच्या कचेरीने पत्रक काढलं, की घरात मारहाणीचा धोका असलेल्यांनी पुरेसे पोलिस असलेल्या ठिकाणी राहायला जाण्याचा विचार करावा.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी पहाटे एका बाईने ९११ ला, म्हणजे तिथल्या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला, फोन केला. आधी मारहाण केलेला माणूस दार फोडू पाहत होता. फोन राज्य पोलिसांकडे वळवला गेला. पाठवायला माणूसच नाही, असं पलीकडून सांगण्यात आलं. बोलणं दहा मिनिटांच्या वर चाललं. तो घरात शिरला आणि तिच्यावर अत्याचार झाला.

यानंतर तरी पट्टी मंजूर झाली असेल, असं वाटेल. पुढच्या वर्षी पुन्हा मतदान झालं, लोक पुन्हा नाही म्हणाले. त्यानंतरही. ओरेगनमधल्या सगळ्यात कमी दरांपैकी एक दर भरणाऱ्या त्या काउंटीत निवृत्त लोकांनी बंदुका घेऊन स्वतःच गस्तीचे गट काढले. तुरुंगासाठीची पट्टी मंजूर व्हायला २०१७ साल यावं लागलं.

## त्याला काढता येतं का?

येतं, पण सोपं नाही. काउंटीचे आयुक्त, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखं मंडळ, त्याचा निधी कापू शकतात. बहुतेक ठिकाणी बडतर्फ करू शकत नाहीत. काही राज्यांत मुदतीआधी परत बोलावण्याचं मतदान घेता येतं. काही ठिकाणी गव्हर्नर निलंबित करतो; फ्लोरिडाच्या ब्रॉवर्ड काउंटीच्या शेरीफला पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर जानेवारी २०१९ मध्ये असंच घरी बसवलं गेलं. एरवी वाट पाहायची, पुढच्या नोव्हेंबरची.

## तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी

भाचा एच-वन-बी व्हिसावर आहे. शेतांच्या कुंपणांवर शेरीफपदाच्या उमेदवारांचे फलक त्याने पाहिले, पण त्याला मत नाही. तरी त्या उमेदवाराची सत्ता त्याच्यावर चालतेच, म्हणून दोन-तीन गोष्टी.

अडवलं तर गाडीतून उतरू नका. आपल्याकडे उतरून साहेबांजवळ जाणं हा अदब; तिथे निर्जन रस्त्यावर एकट्या डेप्युटीला तो हल्ला वाटू शकतो. हात स्टिअरिंगवर, काच खाली, आणि लायसन काढण्याआधी सांगून खिशात हात. भाचा सवयीने दार उघडून बाहेर पडला होता. "गाडीत बसा" हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्या आवाजात ऐकलं.

दंड त्या काउंटीच्या कोर्टात जमा होतो आणि पावतीवरची तारीख खरी असते. ती चुकवली तर लायसन अडकू शकतं, पुढे वॉरंटही निघू शकतं. अटकेपर्यंत गेलं तर रस्ता काउंटीच्या तुरुंगाकडे जातो, आणि बोटांचे ठसे घेतल्यावर माहिती केंद्राकडे पोचते. केंद्र मग तुरुंगाला विनंती करू शकतं, की या माणसाला सुटकेच्या वेळेनंतर आणखी ४८ तासांपर्यंत ठेवा. शेरीफ ती मानतो की नाही, हे राज्य आणि काउंटी पाहून ठरतं.

घरचं माणूस पकडलं गेल्याचं कानावर आलं आणि फोन लागत नसेल, तर शहर पोलिसांमागे धावण्यात वेळ जातो. त्या काउंटीच्या शेरीफची वेबसाइट उघडा. अनेक ठिकाणी तुरुंगात असलेल्यांची यादी तिथे लावलेली असते: नाव, आरोप, जामिनाची रक्कम. कधीकधी फोटोसुद्धा, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही दिसेल असा.